दातवालीच्या कायद्याला आम्ही केलेला विरोध

टिंकर्स हार्बर,
ऑक्टोबरातला एक रविवार

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे एल्डनचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. आज रविवार, बोट बांधलेली आहे, म्हणून दोन्ही हात रिकामे सापडले. तुमची कंबर कशी आहे? ताई फोनवर म्हणाली की तुम्ही आता पेशंटशेजारी उभं राहायचं सोडून स्टुलावर बसून काम करता. फार चांगलं केलंत. सगळा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघितल्यावर कंबर कुरकुरणारच. इकडे आमचं बरं चाललंय. माझा गुडघा पावसाच्या आधी दुखतो, पाऊस पडताना दुखतो आणि उघडीप झाल्यावरही दुखतो, त्यामुळे हवामान कळायला त्याचा काही उपयोग राहिलेला नाही. ताईने विणलेले मोजे पोचले. (एक मोजा दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब आहे, पण हे तिला सांगू नका. अर्थात हे पत्र तुमच्याआधी तीच फोडणार, तेव्हा ताई, मोजे झकास आहेत.)

आता मुद्द्यावर येतो. एप्रिलमध्ये राजधानीत, ऑगस्टाला, त्या समितीच्या खोलीत जे काही झालं, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. ताई बोलते, पण मागून तुमचं खाकरणं ऐकू येतं, आणि ते खाकरणं सर्दीचं नसतं एवढं मला कळतं. तुमच्या मनात असं बसलंय की हा एल्डन आधी आपल्या बाजूला येऊन उभा राहिला, आपला हात हातात घेतला, आणि मग भर सभेत उलटला. दाजी, मी उलटलो नाही हो. मी चुकीच्या रांगेत उभा होतो. एकटा मीच नाही, आमचं सगळं गाव चुकीच्या रांगेत उभं होतं. ते कसं, हे समजायला आधी लुसिलबाईंबद्दल सांगायला पाहिजे.

लुसिलबाई थिबोडो. तुमच्या धंद्यातल्या भाषेत हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करणारी, आमच्या गावात दातवाली. उत्तरेकडच्या, बटाट्याच्या मुलुखातल्या. नवरा गेल्यावर तिथे मन लागेना म्हणून एका हिवाळ्यात पिकअप गाडीत दाताची घडीची खुर्ची दोरखंडाने बांधून आमच्याकडे आल्या. (दोरखंडाची गाठ बघूनच हार्लन म्हणाला होता, ही बाई टिकणार. हार्लन म्हणजे माझ्या शेजारच्या धक्क्यावरचा, ज्याने ताईच्या लग्नात केकवर बसण्याचा पराक्रम केला होता, तोच.) जागा मिळाली ती हार्लनचीच जुनी चाऱ्याची शेड. आता शेवंडीच्या सापळ्यात घालायचं मुरलेलं मासळीचं खाद्य ज्या शेडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठेवलं, तिथे दाताचा दवाखाना काढायचा म्हणजे काय हे तुम्हीच विचार करा. बाईंनी आठवडाभर जमीन घासली, भिंती घासल्या, हार्लन मधे आला तर त्यालाही घासला असता. तरी अजून ऊन तापलं की फळ्यांतून तो वास वर येतो. तोंडात पुदिना आणि नाकात हेरिंग मासळी. पण खरं सांगतो, आम्हा लोकांना त्या वासानेच धीर येतो. तुमच्या दवाखान्यात शिरल्यावर जो वास येतो ना, त्याने माझे पाय आपोआप दाराकडे वळतात.

स्वभावाने बाई गरीब वगैरे अजिबात नाहीत. सगळ्यांना अरे-तुरे करतात, चर्चमधल्या पाद्र्यांनासुद्धा. तुमच्या तोंडात दोन हत्यारं आणि एक नळी घालून मग प्रश्न विचारतात, आणि उत्तर दिलं नाही तर रागावतात. "तंबाखू सोडलीस का? खरं सांग. हिरड्या मला आधीच सगळं सांगून बसल्यात." हार्लनने वादळात दोनदा बोट आणलीय परत, पण खुर्चीत बसल्यावर त्याने हाताची दांडी इतकी आवळली की ती निखळून त्याच्या हातातच आली. बाईंनी त्याचे दात पूर्ण साफ केले, मग त्याला स्क्रूड्रायव्हर दिला आणि दांडी बसवल्याशिवाय घरी जाऊ दिलं नाही. अशी बाई. तिच्याइतकं आपल्या कामावर प्रेम करणारं माणूस मी तुमच्यानंतर दुसरं बघितलं नाही. (हे खुशामतीने लिहीत नाही. खुशामत पुढे येणार आहे.)

अडचण होती ती नियमाची. बाईंना कुणाच्या तोंडाला हात लावायचा तर त्याच छपराखाली दातांचा डॉक्टर हजर पाहिजे. आणि आमचा डॉक्टर महिन्यातून एकदा, लांबून यायचा. धुकं पडलं की नाही. बर्फ पडलं की नाही. नातवाची बेसबॉलची मॅच असली की नाही. बाकीचा महिना खुर्ची झाकलेली, हत्यारं चकाचक, आणि बाई खिडकीत बसून कुट्टूच्या पिठाचे घावन खात रस्त्याने जाणाऱ्यांचे सुजलेले गाल बघणार. त्यांना ते बघवायचं नाही. मलाही त्यांना तसं बसलेलं बघवायचं नाही, पण ते राहू दे.

फेब्रुवारीत माझी दाढ फुटली. हार्लनच्या बायकोचं बिस्किट. (जास्त काही लिहीत नाही, गावात राहायचंय.) गाल धरून शेडमध्ये गेलो. लुसिलबाईंनी बाहेरूनच तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "दिसतंय मला. तात्पुरतं भरायचं सामान त्या खणात आहे. भरायला मला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागेल. पण डॉक्टर नाही, म्हणजे कायद्याने मी आंधळी. जा बँगोरला." एवढं बोलून बाईंनी खण जोरात ढकलून बंद केला.

तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी बँगोरला तुमच्या घरी ताईने माझ्यासाठी मांस शिजवून ठेवलं होतं आणि मी पोचलोच नाही. तुम्हाला वाटलं, एल्डन घाबरला. घाबरलो होतो, नाही म्हणत नाही, पण निघालो होतो! बँगोरचा तो दोन तासांचा रस्ता, त्यावर बर्फाची काच झालेली, आणि अर्ध्या वाटेवर गाडी जी फिरली ती थेट चरात. गाडी चरात, दाढेची कळ डोक्यात, आणि फोनला रेंज नाही. शेवटी बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याने मला ओढून काढला आणि तोंड घराच्या दिशेला करून दिलं, म्हणून मी घरी आलो. पुढे कितीतरी दिवस लवंगेचं तेल आणि रम यावर काढले. (लवंगेचं तेल दाढेला. रम मला.)

तर त्याच सुमारास बातमी आली की राज्यात नवा कायदा येऊ घातलाय. हायजिनिस्टला डॉक्टर समोर नसतानाही स्वतःच्या जबाबदारीवर दात साफ करता येतील, एक्सरे काढता येतील, पोरांच्या दाढांवर कीड लागू नये म्हणून लेप लावता येईल, बधिर करायची सुई देता येईल, तात्पुरतं भरण करता येईल. आणि दुसरी बातमी अशी की बाईंना पोर्टलंडच्या एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलंय. त्यांनी धक्क्यावर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "कायदा झाला तर मी इथेच मरेन. नाही झाला तर जूनमध्ये खुर्ची बांधून निघाले. मला रिकामं बसता येत नाही." मग काय, सगळा धक्का पेटला. साक्ष द्यायला ऑगस्टाला जायचं ठरलं. हार्लनची व्हॅन, आम्ही सहा शेवंडवाले, आणि डोनटचा एक खोका.

आता ताईसाठी खुलासा करतो, तुम्हाला ठाऊकच आहे. समितीपुढे आधी बोलावतात कायद्याच्या बाजूच्यांना. मग विरोधातल्यांना. मग धड इकडचे ना तिकडचे अशांना. ज्याने त्याने आपापल्या वेळी उठून रांग लावायची, आणि तीन मिनिटांत बोलून बसायचं. सोपं आहे. पण दाजी, आम्ही शेवंडवाले राजधानीला जन्मभर गेलो ते फक्त विरोध करायला. सापळे कमी करा म्हणाले, गेलो विरोधाला. दोऱ्यांचा रंग बदला म्हणाले, गेलो विरोधाला. देवमाशांसाठी दोऱ्याच काढा म्हणाले, तेव्हा तर माझे वडील आजारातून उठून गेले विरोधाला. आमच्या अंगात ते इतकं मुरलंय की शेवटच्या ओळीत बसायचं, बाजूचे लोक बोलत असताना डुलकी काढायची (बाजूचे नेहमी टायवाले असतात), आणि समितीच्या अध्यक्षबाईंनी 'विरोधात कोण?' म्हटलं की टोपी काढून उठायचं.

तसंच झालं. 'बाजूने कोण?' म्हणून विचारलं तेव्हा लुसिलबाई उठल्या, बोलल्या, आणि काय बोलल्या! कागद नाही, अडखळणं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, डोनट खाल्ले, आणि बसून राहिलो. मधेच तिने मागे वळून बघितलं, आम्ही हात हलवला. आम्हाला वाटलं, आपल्याला बघून तिला बरं वाटलं. ती बिचारी आम्ही उठायची वाट बघत होती! मग 'विरोधात कोण?' आलं आणि आम्ही सहाच्या सहा जण एका दोरीला बांधल्यासारखे उठून उभे राहिलो, सुटातल्या डॉक्टरांच्या मागे. आणि समोरच्या डॉक्टरने वळून बघितलं तर ते तुम्ही.

दाजी, तुम्ही माझा हात दोन्ही हातांनी धरलात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणालात, "एल्डन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरच्या माणसासारखा उभा राहिलास." काय बोलणार मी? तोंडात डोनट होता. आणि तेवढ्यात माझी नजर पुढच्या ओळीकडे गेली. लुसिल वळून आमच्याकडे बघत होती. ज्या गावासाठी ती पोर्टलंड सोडणार होती ते गावच्या गाव तिच्या विरोधात रांग लावून उभं. रागावली असती तर मी सोसलं असतं. ती नुसतीच पुन्हा पुढे वळली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली, बस यायची वाट बघत बसतात तशी. कायदा गेला तर गेला, पण ही बाई आता असं समजून जाणार, हे मला सहन होईना.

तोवर हार्लनचा नंबर लागला. त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं. त्याने टोपी काढली आणि सवयीने सुरू केलं, "मॅडम, या कायद्याने शेवंडीचा धंदा बुडणार."

अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दातांच्या कायद्याने? तो कसा?"

हार्लनने बराच विचार केला. "ते आत्ता सांगता येणार नाही. पण आजवर तुमच्या प्रत्येक कायद्याने बुडालाय."

खोली हसली, हार्लन खाली बसला, आणि मी माइकपुढे गेलो. सरळ सांगून टाकलं की बाई, आम्ही चुकीच्या रांगेत आहोत, आम्हाला बाजूने उभं राहायची सवय नाही. त्या म्हणाल्या, बाजूने बोलायची वेळ संपली, आता विरोधात काही असेल तर बोला, नाहीतर बसा. मी म्हटलं, मग बोलतो विरोधात. माझा विरोध आहे बँगोरच्या रस्त्याला. आणि सगळं सांगितलं, दाढ, चर, रम, खणातलं सामान. तुमचंही नाव घेतलं, ते तुम्ही रागात नीट ऐकलं नसणार, म्हणून पुन्हा लिहितो: मी म्हटलं, रांगेत माझ्यापुढे होते ते माझे दाजी, त्यांच्याइतका हलका हात अख्ख्या राज्यात नाही, आणि त्यांना कायद्याची धास्ती वाटते ती पैशासाठी नाही, कुणाच्या तोंडातलं काही वाईट दुखणं बघायचं राहून जाईल म्हणून वाटते. पण तो हात दोन तासांवर आहे, आणि मधे चर आहे. (ही ती खुशामत. पण खरी आहे.)

बाहेर व्हरांड्यात तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, सरळ लुसिलकडे गेलात. मला वाटलं, झालं, आता भांडण. तुम्ही विचारलंत, "जिभेखाली पांढरा डाग दिसला, दुखत नाही, पेशंट म्हणतो काही नाही. काय करशील?" ती म्हणाली, "तुम्हाला फोन करीन. तुम्ही जेवत असाल तर घास टाकून उचलायचा. पेशंट तयार नसेल तर त्याला माझ्या पिकअपमध्ये घालून तुमच्या दारात आणून सोडीन. दोरखंडाची पक्की गाठ मला येते." आणि तुम्ही हसलात दाजी. मी बघितलं. लगेच खाकरलात, पण आधी हसलात. तिला आपलं कार्ड दिलंत, मागे घरचा नंबर लिहून. असा मोठेपणा मी माझ्या बापातही बघितला नाही, आणि माझा बाप मला फार आवडायचा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कायदा झाला. खुर्ची बांधली गेली नाही. नियम लागू झाला त्या सकाळी शेडबाहेर अशी रांग लागली की पर्यटकांना वाटलं आत शेवंड स्वस्त मिळतेय. आता ती बेटांवरसुद्धा जाते, खुर्ची हार्लनच्या बोटीत घालून. पोरांच्या दाढांना लेप लागले, म्हाताऱ्यांच्या कवळ्या घासल्या गेल्या, आणि दोघांना तिने खरोखरच तुमच्याकडे पाठवलं, हे तुम्हीच ताईला कौतुकाने सांगितलंत म्हणे. माझी ती दाढ तिने पहिल्याच दिवशी भरली. सुई दिली ते मला कळलंसुद्धा नाही. मी डोळे मिटले नव्हते, पण सुईकडे बघत नव्हतो. आज टिंकर्स हार्बरमधल्या माणसाने दातासाठी बँगोरचा रस्ता धरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. एवढं वाचून तुमचा राग गेला असला तर पुढच्या फोनवर न खाकरता दोन शब्द बोला. ताईला आणि तुमच्या मांजराला माझी आठवण सांगा. मोठ्यांनी लहानांना माफ करायचं असतं म्हणतात, आणि तुमच्यासमोर मी अजून लहानच आहे.

तुमचा मेहुणा,
एल्डन क्रॉली

ता. क. – दाजी, मला तुमचा पेशंट करून घ्याल का? कायमचा. दर सहा महिन्यांनी, बर्फ असो की धुकं, मी येईन. वर जे वेडेपणाचं लिहिलंय ते खोडायचं होतं, पण शाईने लिहिलंय.

पुन्हा ता. क. – कारण विचाराल, म्हणून सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी मी लुसिलला विचारलं की गावच्या ग्रेंज हॉलमध्ये दर शनिवारी घेवड्याचं जेवण असतं, माझ्याबरोबर माझ्या गाडीतून येतेस का. (माझ्या मर्टलला जाऊन सहा वर्षं झाली, ताई. तिच्यामागे मी कुणाला कशालाच विचारलं नव्हतं.) ती हत्यारं पुसत होती, ती पुसायची थांबली. म्हणाली, "एल्डन, तू माझा पेशंट आहेस. पेशंटबरोबर मी घेवडाही खात नाही. डॉक्टरच्या सावलीत होते तेव्हा चूक त्याची झाली असती, आता लायसन्स माझं, जबाबदारी माझी. तूच मिळवून दिलंस ना?" आणि गावात तिचा पेशंट नाही असा एकही माणूस उरलेला नाही, म्हणजे या कायद्यामुळे ती बाई इथे जन्मभर एकटीच जेवणार. ऑगस्टाला जाऊन मी हे करून ठेवलंय. तेव्हा गावात एक तरी माणूस असा पाहिजे ज्याचे दात बँगोरला आहेत. तुम्ही कराल ते काम मी सोसेन. दुखलं तरी ओरडणार नाही.

शेवटचा ता. क. – पाकीट चिकटवायच्या आधी राहवेना म्हणून शेडवर गेलो आणि तिला सांगितलं की मी आता तुझ्याकडे येणार नाही, बँगोरला दाजींकडे जाणार. तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला, समितीच्या खोलीतला. "माझ्या हातात काही कमी पडलं का रे?" असं तिने विचारलं. मी आपला नुसता टोपी हातात फिरवत उभा. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं, हातमोजे काढले, कपाटातून माझे एक्सरे काढून माझ्या हातात दिले आणि पहिल्यांदाच खाली बघत बोलली. ते एक्सरे याच पाकिटात आहेत. आणि तिचा निरोप असा, की डॉक्टरांना सांग, पुढच्या महिन्याची वगैरे नको, या शनिवारच्या जेवणाआधीची तारीख द्या.